फोटोत दिसते तेवढेच नाव

सहारातली चंदेरी मुंगी सेकंदाला 855 मिलिमीटर पळते. ट्युनिशियात दूझजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर केलेल्या चित्रणातून काढलेला हा आकडा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंगीची लांबी जेमतेम आठ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाभरात ती स्वतःच्या लांबीच्या 108 पट अंतर कापते. आता कॅमेऱ्याचा हिशेब करून पाहावा. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके उघडे राहिले, तर तेवढ्यात मुंगी आपल्या अख्ख्या लांबीएवढी पुढे निघून गेलेली असते आणि फोटोत उरतो तो एक करडा फराटा. वेळ हजाराव्या भागावर आणली तरी ती पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकते. स्पर्शिकेचे पेर, कंबरेवरच्या गाठीचा आकार, वक्षावरचे उभे केस, म्हणजे ज्यांच्यावर ओळख ठरते ती बहुतेक लक्षणे यापेक्षा बारीक असतात. तरीही अशा मुंग्यांचे हजारो फोटो आज काढले जातात आणि त्यातल्या पुष्कळांखाली जातीचे पूर्ण लॅटिन नाव लिहिलेले असते. ते नाव कुठून आले, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. फोटोवरून मुंगी ओळखता येते, आणि पुष्कळ ओळखता येते, असे माझे ठाम मत आहे. मात्र फोटोत जेवढे दिसते तेवढ्यावरच नाव थांबले पाहिजे. जे दिसले नाही पण आधीच्या माहितीवरून गृहीत धरले, ते वेगळे लिहिले पाहिजे. ही शिस्त पाळली नाही तर चांगला फोटोही नोंद म्हणून वाया जातो.

आधी फोटो काय काय देऊ शकतो ते पाहू, कारण तो पुष्कळ देतो. समोरचा प्राणी मुंगीच आहे, मुंगीची नक्कल करणारा कोळी किंवा बिनपंखी गांधीलमाशीची मादी नव्हे, हे पाय मोजून आणि कोपरात दुमडलेल्या स्पर्शिका पाहून समजते. वक्ष आणि पोट यांच्यामधल्या अरुंद कंबरेवर एक गाठ आहे की दोन, हे कडेने घेतलेल्या साध्या फोटोतही दिसते आणि एवढ्यानेच मुंग्यांचे मोठे गट वेगळे होतात. वाळवंटात बिया गोळा करणारी मेसॉर दोन गाठींची, तर चंदेरी मुंगीची कॅटाग्लिफिस ही प्रजाती एका गाठीची. (या लेखनात ‘जाती’ म्हणजे ओळखीची शेवटची पायरी आणि ‘प्रजाती’ म्हणजे जवळच्या जातींचा गट, असे शब्द वापरले आहेत. बोलताना त्यांची सरमिसळ होते.) एका गाठीच्या मुंग्यांत लांब पायांची कॅटाग्लिफिस आणि जगभर आढळणारी कॅम्पोनोटस, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या डोंगळ्यांची प्रजाती, यांचा घोटाळा नवख्याकडून वारंवार होतो. हा घोटाळा सोडवायला चेहऱ्याचा एक स्वच्छ फोटो पुरतो. कॅटाग्लिफिसच्या कामकरी मुंगीच्या कपाळावर दोन मोठ्या डोळ्यांखेरीज तीन बारीक साधे डोळे त्रिकोणात बसवलेले असतात. कॅम्पोनोटसच्या कामकऱ्यांत ते सहसा नसतात. शिवाय कॅम्पोनोटसमध्ये स्पर्शिकांच्या खोबणी तोंडावरच्या पट्टीच्या मागच्या कडेपासून स्पष्ट अंतर राखून असतात, कॅटाग्लिफिसमध्ये त्या कडेला जवळजवळ टेकलेल्या. हे दोन मुद्दे एकदा डोळ्यांत बसले की रंग, आकार, ठिकाण यांतले काहीही न विचारता प्रजाती सांगता येते. पुराव्यावर उभी असलेली ओळख ती हीच.

जिथे लक्षण जगण्याच्या गरजेतून आलेले असते, तिथे मात्र जपून राहावे लागते. वाळवंटात राहणाऱ्या अनेक मुंग्यांच्या डोक्याखाली लांब, आत वळलेल्या केसांची दाढी असते. बिळातली सुटी वाळू उचलून बाहेर टाकायला ती उपयोगी पडते. ही दाढी अमेरिकेतल्या पोगोनोमर्मेक्समध्ये आहे, नामिबच्या ऑसिमर्मेक्समध्ये आहे आणि मेसॉरच्या काही जातींतही आहे. दाढीवरून ‘ही वाळूत राहणारी मुंगी’ एवढे म्हणता येईल, ती कोणाची नातलग हे म्हणता येणार नाही. लांब पायांचेही तेच. तापलेल्या जमिनीपासून अंग उंच ठेवणे ही सगळ्यांचीच गरज असल्यामुळे एकमेकींशी दूरचेच नाते असलेल्या मुंग्या फोटोत बहिणी-बहिणी वाटू शकतात.

प्रजातीच्या खाली, जातीच्या पायरीवर उतरले की खरा प्रश्न सुरू होतो. कॅटाग्लिफिसच्या सुमारे शंभर जाती उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत पसरल्या आहेत. त्यांतली चंदेरी मुंगी, कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना, तिच्या केसांमुळे उठून दिसते. हे केस आडव्या छेदात त्रिकोणी असतात, ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही मदत करतात, हे 2015 मध्ये सिद्ध झाले. ते पाठीवर आणि कडांना दाट असतात, पोटाखाली नसतात. म्हणजे ती चांदीसारखी झळाळी प्रकाशाच्या आणि कॅमेऱ्याच्या कोनावर अवलंबून आहे. उन्हाकडे तोंड करून खालून घेतलेल्या फोटोत हीच मुंगी काळपट दिसेल. तरी तिची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. लाल डोके-वक्ष आणि काळ्या पोटाच्या मोठ्या मुंग्यांकडे आले की अडचण पुरती कळते. ट्युनिशियात बायकलर, व्हायाटिका आणि साव्हिन्यी या तीन जाती एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्यांत राहतात. त्यांचे आपसातले नाते ठरवायला 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीररचना, पेशीकेंद्रातला डीएनए आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए अशी तिन्ही साधने वापरून एकमेकांशी ताडावी लागली. जिथे प्रयोगशाळेला एवढा खटाटोप करावा लागतो, तिथे धावत्या कामकरी मुंगीच्या एका फोटोवरून बायकलर असे बिनदिक्कत लिहिणे हा अंदाजच म्हणावा लागेल. रंग तर याबाबतीत सर्वांत कमी भरवशाचा. एकाच वारुळातल्या मुंग्यांत लालसरपणा कमीजास्त असतो, कोशातून नुकत्या बाहेर पडलेल्या मुंग्या फिक्या असतात आणि कॅमेरा आपल्या मनाने रंगाचा तोल बदलतो. आकारही फसवा, कारण या प्रजातीत एकाच घरट्यातल्या कामकऱ्यांच्या लांबीत बराच फरक असतो. शेजारी मोजपट्टी नसेल तर फोटोतल्या मुंगीला आकार आहे असे म्हणणेही धाडसाचे.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की अनुभवी माणूस फोटो पाहताच जात सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. हे खरे आहे. पण तो नेमके काय करतो, ते उलगडून पाहिले पाहिजे. त्याला फोटो कुठे काढला ते माहीत असते, त्या भागात कोणत्या जाती नोंदल्या आहेत ते माहीत असते आणि त्यांतून तो उरलेली जात निवडतो. ट्युनिशियातल्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या सपाट खारवट जमिनीवर, जिथे दूरपर्यंत एक झुडूप दिसत नाही, तिथे लांब पायांची काळपट कॅटाग्लिफिस धावताना दिसली तर ती फॉर्टिस, असे तो म्हणेल. ही जात अशाच खारपटांची रहिवासी असल्यामुळे त्याचे उत्तर बहुधा चुकणार नाही. पण या उत्तराचा अर्धा भाग फोटोतून आला आणि अर्धा नकाशातून. पुढे कोणी अशा शेकडो नोंदी गोळा करून ‘फॉर्टिस फक्त खारपटांतच आढळते’ असा निष्कर्ष काढला, तर त्याने काहीच सिद्ध केलेले नसते. खारपट पाहूनच नाव दिले होते, तेव्हा नावावरून खारपट निघणारच. उलट, खारपटात एखादी दुसरीच जात शिरली असेल, तर या पद्धतीने ती कधीच सापडणार नाही. ती जितक्या वेळा दिसेल तितक्या वेळा तिच्यावर फॉर्टिसची चिठ्ठी लागेल. ठिकाणावरून ओळख पटवू नये असे माझे म्हणणे नाही, ती पटवावीच लागते. ओळखीत ठिकाणाचा वाटा किती होता हे नोंदीत दिसले पाहिजे, एवढीच मागणी आहे. ट्युनिशियातल्या तीन लाल-काळ्या जातींचे पट्टे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे तर नकाशाही साथ सोडतो. शास्त्राला सर्वाधिक कुतूहल असते ते नेमके त्याच सीमेवरच्या मुंग्यांबद्दल.

फॉर्टिसचाच इतिहास या म्हणण्याला पुष्टी देतो. ऑग्युस्त फोरेल या स्विस अभ्यासकाने 1902 मध्ये तिचे वर्णन केले, पण तेव्हा तिला स्वतंत्र जातीचा दर्जा नव्हता. ट्युनिशियात वर्षानुवर्षे राहून वाळवंटी मुंग्यांचे दिशाज्ञान उलगडणाऱ्या र्यूडिगर वेनर यांनी 1983 मध्ये तो दिला. मधल्या ऐंशी वर्षांत कोणी तिच्याविषयी लिहिले असेल आणि फक्त त्या वेळचे नाव लिहून ठेवले असेल, तर ती नोंद आज कोणत्या जातीची मानावी याचा उलगडा होणे कठीण. ज्याने ‘खारपट, झुडपे नाहीत, रंग काळा, पाय फार लांब, पळताना पोट उचललेले’ असे लिहून मग नाव दिले असेल, त्याची नोंद नाव बदलल्यावरही कामाला येते. संग्रहालयांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. टाचणीवर लावलेल्या कीटकाखाली दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या असतात. एकीवर ठिकाण, तारीख, गोळा करणारा, आणि दुसरीवर जातीचे नाव व ते देणारा. नाव बदलले तर नवी चिठ्ठी खाली जोडतात, जुनी काढून फेकत नाहीत. पहिल्या चिठ्ठीला तर कोणी हातच लावत नाही. फोटोची नोंद करताना ही साधी पद्धत आपण का सोडून दिली, हे मला कळत नाही.

भारतातल्या मुंग्यांच्या अभ्यासाची सुरुवात या चिठ्ठ्यांवरच झाली आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात आहे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी आर. सी. रॉटन यांनी मुंग्या गोळा करून फोरेलकडे पाठवल्या आणि 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला लिहिली. त्याच नियतकालिकात त्याच वर्षापासून फोरेलची भारत आणि श्रीलंकेतल्या मुंग्यांवरची फ्रेंच लेखमाला छापून येऊ लागली. 1903 मध्ये बिंगहॅम या अभ्यासकाचा भारतातल्या मुंग्यांवरचा ग्रंथ निघाला. त्या काळी आजच्या कॅटाग्लिफिस मुंग्यांना मर्मेकोसिस्टस या प्रजातीत घालत असत. आज ते नाव फक्त अमेरिकेतल्या मधकुंभ मुंग्यांना आहे. म्हणजे वाळवंटी मुंग्यांच्या बाबतीत प्रजातीचे नावही कायमचे नसते. जुन्या लिखाणाचा उपयोग आजही होतो, कारण नमुने आणि त्यांची ठिकाणे शाबूत आहेत. थरच्या वाळूत आज काढलेल्या कॅटाग्लिफिसच्या फोटोला आणखी शंभर वर्षांनी कोणी उघडून पाहणार असेल, तर त्याला आपण दिलेल्या नावापेक्षा फोटोत आणि टिपणात काय पकडले आहे याची गरज अधिक लागेल.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. फोटोवरून जात ठरत नसेल तर फोटोंचा पसारा हवाच कशाला, सरळ नमुना गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. नमुन्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. वादग्रस्त जातीत शेवटचा शब्द त्याचाच. पण तोही नेहमी शेवटचा नसतो. स्पेनमधल्या कॅटाग्लिफिस हिस्पॅनिकामध्ये दोन वेगळे आनुवंशिक वंश शेजारी-शेजारी नांदतात, कामकरी मुंग्या या दोन वंशांच्या संकरातून जन्मतात, आणि हे गुपित बाह्य रूपातून नव्हे तर डीएनएतून बाहेर आले. टाचणीवरची मुंगी पाहून ते कळले नसते. शिवाय नमुना ज्या गोष्टी गमावतो त्या फोटो राखतो. पळताना पोट आडवे होते की उभे उचललेले होते, बिळाच्या तोंडाशी वाळूचा कठडा होता की सपाट भोक, तोंडात मेलेला कीटक होता की बी, सोबत रांग होती की मुंगी एकटी हिंडत होती, हे सगळे मद्यार्काच्या बाटलीत संपते. चंदेरी मुंगीच्या बाबतीत तर वेळ आणि तापमान हीच मोठी माहिती आहे. जमिनीलगतचे तापमान 46.5 अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचून तिला खाणारा सरडा बिळात गेल्यावर ती बाहेर पडते, आणि 53.6 अंशांपाशी तिची स्वतःची सहनशक्ती संपते. वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेल्या या दोन आकड्यांच्या फटीत तिचे सगळे अन्न शोधणे बसते. फोटोवर घड्याळाची वेळ आपोआप उमटते. सोबत तापमान लिहिले तर ती नोंद मुंगीच्या जगण्याविषयी असे काही सांगते, जे हजार नमुने सांगू शकणार नाहीत. आणि संरक्षित क्षेत्रात, उदाहरणार्थ राजस्थानातल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात, परवानगीवाचून नमुना उचलताच येत नाही. तिथे फोटो हाच बहुतेकांना उपलब्ध असलेला मार्ग आहे. मुंगी हलू नये म्हणून तिला डबीत भरून फ्रिजमध्ये गारठवण्याची युक्ती सांगितली जाते. ती मला मान्य नाही. ज्या वागण्यासाठी फोटो मोलाचा, तेच त्यात नष्ट होते. वाळू असह्य झाली की चंदेरी मुंगी वाळलेल्या काडीवर चढून क्षणभर थांबते, अंग निवू देते. तेवढा वेळ तयारीत बसलेल्या माणसाला पुरतो.

तिसरा आक्षेप यंत्राचा. आता संगणकच फोटो पाहून नाव सुचवतो, मग माणसाने एवढी चिकित्सा का करावी? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात संगणकाला मुंग्यांच्या प्रजाती ओळखायला शिकवले गेले आणि पहिल्याच उत्तरात त्याचे यश ऐंशी टक्क्यांच्या वर गेले. कौतुकाची गोष्ट आहे. पण अटी पाहा. ते फोटो टाचणीवरच्या नमुन्यांचे होते, चेहरा समोरून, अंग कडेने आणि अंग वरून अशा ठरलेल्या तीन कोनांतून काढलेले, ‘अँटवेब’ या कॅलिफोर्नियातल्या संग्रहातले. आणि ओळख प्रजातीची होती, जातीची नव्हे. वाळूत पळणारी, अर्धी फोकसबाहेर गेलेली मुंगी ही वेगळी परीक्षा आहे. मोठी अडचण याहून खोल आहे. यंत्र माणसांनी दिलेल्या नावांवर शिकते. त्या नावांत ठिकाणावरून केलेले अंदाज मिसळलेले असतील, तर यंत्र तेच अंदाज आत्मविश्वासाने परत करते. मग पुढचा माणूस यंत्राने सुचवले म्हणून तेच नाव स्वीकारतो, आणि ते यंत्राच्या पुढच्या शिक्षणात पुरावा म्हणून शिरते. ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जातीची ओळख पक्की मानायला दोन-तृतीयांशांहून अधिक ओळखणाऱ्यांचे एकमत लागते. एरवी ही पद्धत चांगली आहे, पोपट किंवा फुलपाखरू असेल तर पुरेशीही. पण ज्या फोटोत कपाळावरचे साधे डोळेही दिसत नाहीत, त्यावर तीन जणांनी एकच जात लिहिली तरी न दिसलेले लक्षण दिसू लागत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘कॅटाग्लिफिस, जात अनिश्चित’ एवढ्यावर थांबायचे तर लोकांचा उत्साह मावळेल. नावाशिवाय निसर्गाशी ओळख होत नाही, हे मलाही पटते. पण प्रजातीपर्यंतची खात्रीची ओळख हे अर्धवट काम आहे, ही समजूतच चुकीची आहे. थरमध्ये कॅटाग्लिफिस दिवसाच्या कोणत्या तासाला बाहेर पडते, कोणत्या महिन्यात पंखवाले नर-मादी दिसतात, रेतीच्या टेकड्यांवर आणि खडकाळ माळावर तिची घरटी सारखी असतात का, या प्रश्नांना प्रजातीपर्यंतच्या नोंदी पुरतात. नोंद अचूक असेल तर पुढचा अभ्यासक तिला जातीपर्यंत नेईल. चुकीच्या जातीची नोंद मात्र आधी खोडावी लागते, आणि ती खोडायला कोणी वेळ काढत नाही.

म्हणून पुढच्या पानांतल्या प्रत्येक फोटोखाली दोन ओळी आहेत. पहिलीत जे दिसते ते: कंबरेच्या गाठी, साधे डोळे, केस, दाढी, पायांची लांबी, पोटाची ठेवण, जमीन, तारीख, वेळ. दुसरीत नाव, आणि ते दिसणाऱ्या लक्षणांवरून दिले की ठिकाणावरून, याची खूण. काही ठिकाणी दुसरी ओळ प्रजातीवर थांबते आणि मुद्दाम थांबवलेली आहे. वाचकांनी स्वतः फोटो काढावेत यासाठी चेहरा, कूस आणि पाठ हे तीन कोन समजावले आहेत. मोजपट्टी नसेल तर त्याच जागी, त्याच अंतरावरून नाणे ठेवून दुसरा फोटो काढला तरी चालतो. आणि एक विनंती विशेष आहे. कॅटाग्लिफिसच्या वर्गीकरणात नराच्या शरीराच्या शेवटच्या टोकाची रचना फार महत्त्वाची मानली जाते, पण वाळवंटी मुंग्यांचे फोटो काढणारे जवळजवळ सगळे कामकऱ्यांच्या मागे असतात. पंखवाला नर घरट्याच्या तोंडाशी थोडाच वेळ दिसतो, कामकऱ्यांसारखा लखलखत पळत नाही आणि पहिल्या नजरेत मुंगीही वाटत नाही. तो दिसला तर कॅमेरा आधी त्याच्याकडे वळवावा, कुशीवरून, पोटाचे टोक फोकसमध्ये ठेवून, आणि त्याच घरट्यातली एक कामकरी मुंगी लगेच पुढच्या फोटोत घ्यावी.